मावशींचे हात स्वच्छच आहेत, चुकली ती भाताची वेळ

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या सात बायका. बचत गटातून सुरुवात केली आणि गेली चार वर्षं बारसं, साखरपुडा, वास्तुशांती अशा कार्यांचं जेवण करून देतो. मुख्य हात गल्लीतल्या मावशींचा. गेल्या महिन्यात एका वास्तुशांतीला दीडशे पानं होती. मसालेभात सकाळी सहाला उतरवून झाकून ठेवला. पहिली पंगत साडेबाराला बसली, शेवटची साडेतीनला. शेवटच्या पंगतीआधी भात पुन्हा गरम केला, चांगली वाफ येत होती. पहिल्या दोन पंगतींना काही झालं नाही. शेवटच्या पंगतीतल्या बारा-तेरा जणांना मात्र संध्याकाळी सहा-सातला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले, पण गावात बोलणं सुरू झालं, की या बायकांचे हात घाण. नंतर कळलं, आमच्यातल्या एकीला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. हजेरी बुडेल म्हणून ती बोलली नाही. आता बेळगावच्या एका वसतिगृहाचं काम मिळतंय, पण ते अन्न हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला मागतात. मावशी म्हणतात, "तीस वर्षं गावाला जेवू घातलं, आता मला हात धुवायला शिकवणार काय?" हे प्रशिक्षण खरंच कामाचं असतं, की नुसता कागद? आणि मावशींना कसं सांगू?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. पहिल्या दोन पंगतींना काही झालं नाही. गावानं हे वाक्य लक्षात घेतलं नाही, म्हणून हातांना दोष देऊन गाव मोकळं झालं.

तुम्हीच विचार करा. तिन्ही पंगतींना पाणी एकच होतं. वाढणारे हात तेच, पातेलं तेच, तांदूळ तोच, मसाला तोच. मग पहिल्या पंगतीत आणि शेवटच्या पंगतीत फरक कशाचा? तीन तासांचा. सकाळी सहाला उतरवलेला भात साडेतीनला पानात पडला, म्हणजे साडेनऊ तास तो झाकून होता. आणि खाल्ल्यावर अडीच ते साडेतीन तासांत उलट्या लागल्या. ही वेळ फार बोलकी आहे. पोटात जाऊन तिथे वाढणाऱ्या जंतूंना इतक्या लवकर त्रास देता येत नाही, त्यांना निदान सहा-आठ तास, बहुतेकदा एक-दोन दिवस लागतात. तीन तासांत उलटी होते ती बहुधा विष आधीच अन्नात तयार होऊन बसलेलं असतं तेव्हा. उलटीचा किंवा भाताचा नमुना कोणी तपासलेला नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण माझं बोट भाताकडेच जातं.

भाताचा एक जुना सोबती आहे, बॅसिलस सेरियस नावाचा जंतू. तो मातीत राहतो, भाताच्या रोपाबरोबर लोंबीत येतो, तिथून तांदळात आणि तांदळातून आपल्या घरात. खानापूरचा तांदूळ असो की आणखी कुठला, थोड्याफार प्रमाणात तो असतोच. तांदूळ शिजवला की हा जंतू मरतो, पण त्याचे बीजाणू मरत नाहीत. बीजाणू म्हणजे कठीण कवचात झोपलेलं बी समजा. उकळतं पाणी त्यांना मारत नाही, उलट जागं करतं. पुढे भात कोमट झाला, की त्या बियांना अंकुर फुटतात आणि वाढ सुरू होते. जंतूंच्या मनाजोगं ऊबदार अन्न मिळालं तर त्यांची संख्या वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. वाढताना ते भातात विष सोडतात. आणि हे उलटीचं विष इतकं चिवट, की १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. तुम्ही साडेतीनला भात परतलात, वाफ काढलीत, जंतू कदाचित मेलेही असतील. विष जसंच्या तसं राहिलं.

म्हणून "पुन्हा चांगलं गरम केलं की झालं" हा जो आपल्या सगळ्यांच्या घरचा भरवसा आहे, तो भाताच्या बाबतीत खोटा ठरतो. माझी आईसुद्धा रात्रीचा भात चुलीच्या वैलावर झाकून ठेवायची आणि सकाळी फोडणी द्यायची. चार माणसांचा तेवढासा भात लवकर निवायचा, म्हणून निभावलं. दीडशे पानांच्या पातेल्यात तसं होत नाही. त्याच्या मधोमध हात घालवत नाही इतकी आग असते, पण कडेला आणि वरच्या थराला तो तासन्‌तास कोमट राहतो. वर तुम्ही झाकण घातलंत, कदाचित गोणपाटही टाकलं असेल. ऊब टिकावी म्हणून केलेली ती सोय जंतूंच्याही सोयीची झाली.

आता दुसरी शक्यताही सांगते, कारण ती लपवणं बरोबर नाही. भातावर वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर हातानं पेरली असणार. आपल्या कातडीवर, नाकात, बोटाच्या जखमेत किंवा पिकलेल्या फोडात स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो. तो अन्नात पडून काही तास कोमट राहिला तर त्याचंही विष बनतं, तेही उकळून जात नाही आणि तेही दोन-चार तासांत उलट्या करवतं. खव्याच्या, दुधाच्या पदार्थांत हा प्रकार जास्त होतो. आपल्याकडे कुंदा, पेढे, बासुंदी करणाऱ्यांनी म्हणूनच बोटाला साधी चीर असली तरी जपायला हवं. पण इथेही बघा, हातावरून पडलेल्या जंतूला विष करायला वेळ लागतोच. पहिल्या पंगतीला तो वेळ मिळाला नव्हता. कुठूनही आलात तरी गाडी वेळेपाशीच येऊन थांबते.

तुमच्या जुलाब होणाऱ्या सोबतिणीचंही इथेच सांगून टाकते. या उलट्या तिच्यामुळे झाल्या असण्याची शक्यता फार कमी आहे. तिचा आजार पसरला असता तर लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब लागले असते आणि पहिल्या पंगतीलाही लागले असते. तिला हे आधी सांगा. ती बिचारी महिनाभर मनात कुढत असेल.

मग प्रशिक्षणात काय मिळतं? नेमकं हेच मिळतं. हात धुवा, केस झाका, नखं कापा, हे तर सांगतातच, पण चांगल्या शिकवणाऱ्याचा अर्धा वेळ तापमान आणि घड्याळ यांवर जातो. अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवायचं, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. मधली जागा धोक्याची, तिथे अन्न जितकं कमी रेंगाळेल तितकं बरं. शिजवताना आणि पुन्हा गरम करताना पदार्थाच्या पोटात ७५ अंश यायला हवेत. उरलेलं निववायचं असेल तर ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणायचं आणि तिथून फ्रीजमध्ये. हे आकडे मावशींना तीस वर्षांत कोणी सांगितले नाहीत, यात त्यांचा काय दोष? गावात फ्रीज नव्हता तेव्हा शंभर पानांचं जेवण उतरलं की लगेच पंगत बसायची. आता पाहुणे मुंबई-पुण्याहून येतात, पूजा लांबते, फोटो होतात, शेवटची पंगत चारला बसते. स्वयंपाक तोच राहिला, वाढायची वेळ पुढे सरकली.

दाखल्याविषयी. आपल्या देशात अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे आणि त्याखालचे परवाना-नोंदणीचे नियम २०११ चे. त्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेची सगळी कलमं आहेत. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस हे त्यातलंच. प्रशिक्षणाच्या योजनेला 'फॉस्टॅक' म्हणतात. त्यात मूलभूत आणि वरच्या पातळीचे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत, मूलभूत वर्ग एका दिवसात आटोपतो. दर २५ हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे आणि दाखला दोन वर्षं चालतो. तुम्ही सातजणी आहात, म्हणजे कागदापुरती एकीनं केलं तरी भागतं. आणि हो, तुमच्या गटाची अन्न नोंदणी झालेली आहे का? पत्रात तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही. नसेल तर वसतिगृहाच्या आधी ती करा, 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावरून होते. आधार आणि फोटो घेऊन जवळच्या कॉम्प्युटर सेंटरवर गेलात तर तेही भरून देतील, मात्र अर्जातला पत्ता आणि कामाचा प्रकार स्वतः वाचून घ्या.

एक गोष्ट आपल्या भागात फार नडते, भाषा. बेळगावात वर्ग लागला तर शिकवणारा बहुधा कन्नडमधून बोलेल, पडद्यावरची अक्षरं कन्नड नाहीतर इंग्रजी असतील. बाजारापुरतं कन्नड आपल्याला सगळ्यांना येतं, पण "बीजाणू" आणि "परसंसर्ग" कन्नडमधून डोक्यावरून जाईल. नाव नोंदवतानाच विचारा, मराठीतून समजावणारं कोणी आहे का. नसेल तर शेजारी कन्नड शाळेत शिकलेली एखादी मुलगी बरोबर न्या. लाजू नका. मी अशा वर्गांत पाहिलं आहे, न समजलेली बाई मान डोलावत राहते, शेवटी फोटो काढते आणि घरी येऊन पहिल्यासारखंच करते. असं झालं तर तुमची शंका खरी ठरेल, तो नुसता कागद होईल.

आता मावशी. त्यांच्या रागाचं कारण मला समजतं. आपल्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईला "तुझे हात स्वच्छ नाहीत" म्हणणं म्हणजे तिच्या चारित्र्यावर बोलण्यासारखं आहे. मावशी अंघोळीशिवाय चुलीजवळ जात नसतील, नैवेद्याआधी चव घेत नसतील. त्या स्वच्छतेत खोट नाही. पण सोवळ्याला जंतू दिसत नाहीत, आणि जंतूला सोवळं कळत नाही. म्हणून बोलणं हातांपासून सुरूच करू नका. भातापासून करा. पंगतींची गोष्ट त्यांना सांगा, जशी मी वर मांडली तशी, आणि शेवट त्यांनाच काढू द्या. "मावशी, पहिल्या पंगतीला काही झालं नाही, शेवटच्याला झालं, असं का?" एवढं विचारून गप्प बसा. तीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई आहे, उत्तर तिच्याकडून येईल.

मग एक खेळ करा, सातजणी मिळून, काम नसलेल्या दिवशी. एकीच्या तळहाताला हळद आणि थोडं तेल चोळा. तिला अर्धा तास नेहमीसारखं काम करायला सांगा. ती झाकण उचलेल, नळ सोडेल, विळी ओढेल, मिठाच्या डब्यात हात घालेल, मधेच फोन घेईल. नंतर सगळ्याजणी पिवळे डाग शोधा. पदरावर तर ते हमखास सापडतील. मग तिला नेहमीच्या पद्धतीनं हात धुवायला सांगा आणि नखांच्या कडा, अंगठ्याचं बूड, बोटांच्या बेचक्या बघा. हळद तिथे उरलेली असेल. साबण लावून वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद का चोळायचं, हे त्या डागांइतकं चांगलं कोणताही साहेब सांगू शकणार नाही. संडासातून आल्यावर, कच्च्या मांसाला हात लावल्यावर, नाक पुसल्यावर, पैसे मोजल्यावर, आणि तयार अन्नाला हात लावण्याआधी, एवढ्या वेळा तरी हात धुतले गेलेच पाहिजेत.

पदराचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगते. आपल्या स्वयंपाकघरातला सगळ्यात मळकट नॅपकीन म्हणजे पदर. तोंड पुसायला तो, घाम टिपायला तो, गरम पातेलं धरायला तो आणि ताट पुसायलाही तोच. पदर खोचून त्यावर ॲप्रन घाला, आणि हात पुसायला सुती पंचाचे तुकडे ठेवा, दर कामाला दहा-बारा, वापरला की टोपलीत. रात्री उकळून वाळवायचे.

बांगड्यांवरून वर्गात नक्की वाद होईल. नियम सांगतो, हातात दागिना नको. काचेच्या बांगडीखाली मळ अडकतो, शिवाय ती पिचकली तर तुकडा भातात. दोन्ही खरं आहे. पण आपल्या भागात सवाष्णीला "हातातल्या बांगड्या काढ" म्हणणं किती लागतं, ते बाहेरून आलेल्या माणसाला कळायचं नाही. एका वर्गात दोन बायका याच बोलण्यावर उठून गेल्या होत्या. मी सांभाळत होते त्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आम्ही यावर तोड काढली होती. काम सुरू करताना काचेच्या बांगड्या स्वतःच्या हातानं उतरवून देवापुढच्या तबकात ठेवायच्या आणि काम संपलं की पुन्हा भरायच्या. ज्यांना ते अगदीच जमेना, त्या बांगड्या कोपराकडे सरकवून वरून दोन्ही टोकांना इलॅस्टिक असलेली कापडी बाही चढवायच्या आणि मनगटाच्या वरपर्यंत हात धुवायच्या. पहिला उपाय उत्तम, दुसरा चालण्यासारखा. मावशींना दोन्ही सांगा आणि निवड त्यांच्यावर सोडा.

मिश्रीचंही बोलायला हवं. निपाणीपासून खानापूरपर्यंत कितीतरी बायका कामाच्या मधे मिश्री लावतात. बोट तोंडात जातं, मग तेच बोट कणकेत. तंबाखूचं नुकसान हा वेगळा विषय, आज त्यात शिरत नाही. पण स्वयंपाकाच्या जागेत डबी नकोच. लावायची तर बाहेर जाऊन, आणि परत येताना साबणानं हात धुऊन.

कोंबडी-मटणाचं काम घेत असाल तर एवढंच, कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि परात वेगळी, खूण केलेली. आणि कोंबडी नळाखाली जोरात धुऊ नका, शिंतोडे हातभर उडतात आणि शेजारच्या चिरलेल्या कांद्यावर बसतात. ती शिजवल्यानं स्वच्छ होते, धुतल्यानं नाही. कोशिंबिरीच्या भाज्या मात्र कच्च्याच खातात म्हणून नीट धुवायच्या, तेही पिण्यायोग्य पाण्यानं. पावसाळ्यात विहिरींना गढूळ पाणी येतं तेव्हा पिण्याचं पाणी उकळल्याशिवाय वापरू नका, कावीळ आणि विषमज्वर त्याच वाटेनं येतात.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे उत्तर लांबवावंसं वाटलं, तिच्याकडे येते. तुमची सोबतीण जुलाब होत असताना कामाला आली. पत्रात हे तुम्ही "नंतर कळलं" म्हणून ओझरतं लिहिलं आहे. माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. या खेपेला तिच्यामुळे बहुधा काही झालं नाही. पुढच्या खेपेला होऊ शकतं, आणि वसतिगृहात पोरं रोज दोन वेळा जेवणार आहेत.

मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. आयर्लंडहून अमेरिकेत आलेली. ती ज्या घरी कामाला लागायची तिथे बहुतेकदा काही आठवड्यांत विषमज्वर यायचा. तिला स्वतःला कधीच ताप नव्हता, ती धडधाकट होती, पण जंतू तिच्या पोटात मुक्कामाला होते. १९०७ साली तिला शोधून सगळ्यांपासून वेगळं ठेवलं. १९१० मध्ये, पुन्हा स्वयंपाकाचं काम करणार नाही अशा कबुलीवर सोडलं. तिनं धुणं धुवायचं काम धरलं. त्यात पैसे कमी. काही वर्षांत ती नाव बदलून परत स्वयंपाकघरात आली, १९१५ साली एका रुग्णालयात पुन्हा साथ पसरली, आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत तिला एकटं ठेवण्यात आलं. लोक तिची गोष्ट भीतीची म्हणून सांगतात. मला मात्र त्यातलं धुण्याचं काम आठवतं. पुरेशी मजुरी मिळाली असती तर ती परत चुलीपाशी गेली नसती, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

असं वाटायला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. मी अनेक वर्षं एका रुग्णालयाचं स्वयंपाकघर सांभाळलं. एकदा वॉर्डातून आणि परिचारिकांच्या मेसमधून एकापाठोपाठ जुलाबाच्या तक्रारी आल्या. आम्ही पाणी तपासलं, दूध तपासलं. शेवटी पोळ्या करणाऱ्या एका मुलानं मान खाली घालून सांगितलं, की त्याला तीन दिवसांपासून त्रास होतोय. मी त्याला विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, "बाई, मागच्या महिन्यात मी दोन दिवस आजारी होतो, तेव्हा तुम्हीच पगार कापला." त्याला प्रशिक्षण मिळालेलं होतं. हात धुण्याच्या पायऱ्या त्याला माझ्यापेक्षा चांगल्या पाठ होत्या. तोंड बंद ठेवायला त्याला मी शिकवलं होतं, आणि ते तो विसरला नव्हता.

म्हणून वर्गाला जायच्या आधी तुम्ही सातजणी बसून एक ठराव करा. उलटी, जुलाब, कावीळ, ताप, किंवा हाताला पू झालेला फोड असेल, तर सांगणाऱ्या बाईची हजेरी बुडणार नाही. यासाठी प्रत्येक कामाच्या पैशांतून थोडी रक्कम वेगळ्या डब्यात टाका. बचत गट चालवणाऱ्यांना मी हे शिकवायला नको. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास तिनं अन्नाला हात लावायचा नाही, कारण त्रास थांबला तरी जंतू लगेच जात नाहीत. कावीळ आणि विषमज्वर असेल तर डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावरच परत. त्या दिवसांत तिची हजेरी डब्यातून, आणि तिच्या जागी कोण येणार ते आधीच ठरवलेलं. असा एक-दोन जादा बायकांचा नंबर जवळ ठेवा. आणि रोज काम सुरू करताना मावशींनीच प्रत्येकीला विचारायचं, "पोट बरं आहे ना?" आईसारखं विचारलेलं कोणाला लागत नाही.

माझं म्हणणं असं, की दाखला तुमच्या नावानं घ्या, वाचन-परीक्षेचं तुम्ही बघा, पण वर्गाला मावशींना बरोबर न्या. परत आल्यावर अन्नाचं तापमान मोजायची, अन्नात खुपसायची सुई असलेली थर्मामीटर विकत घ्या, काही शे रुपयांत येते, आणि ती मावशींच्या हातात द्या. "मावशींनी बघितल्याशिवाय पातेलं पंगतीत जाणार नाही," असा नियम करा. वापरण्याआधी आणि प्रत्येक पदार्थानंतर सुई पुसून उकळत्या पाण्यात बुडवायची, हे मात्र त्यांना दाखवा.

भाताचं पुढच्या कामापासून बदला. एकदम सगळा न शिजवता दोन-तीन खेपांत शिजवा, मसाला आणि फोडणी आधी तयार ठेवा, पंगतीच्या अंदाजानं तांदूळ टाका. मोठं पातेलं गरम ठेवायचंच असेल तर काहिलीत उकळतं पाणी ठेवून त्यात ठेवा आणि दर तासाला कडेचा भात मोजा, मधला नाही. ६० च्या खाली गेला की तो भात दोन तासांत संपवायचा, नाहीतर टाकायचा. प्रत्येक पातेल्यावर खडूनं उतरवल्याची वेळ लिहा. वसतिगृहात रात्रीचा भात उरेल आणि सकाळी फोडणीचा भात करायचा मोह होईल. तो करायचा तर रात्रीच भात मोठ्या परातींमध्ये दोन बोटं जाडीचा पसरून, पंख्याखाली निववून, तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. लाईट गेली आणि फ्रीज रात्रभर बंद राहिला, तर सकाळी तो भात गुरांना. खानापूरच्या पावसाळ्यात हे वरचेवर होईल, मन घट्ट करा.

राहिली वास्तुशांतीची मंडळी. ती तुमच्याशी बोलत नाहीत असं पत्रात नाही, पण असणारच. तुम्ही त्यांच्या घरी जा. मावशींना नेऊ नका, त्यांच्यासमोर कोणी हातांवरून बोललं तर सगळं मोडेल. भात फार वेळ राहिला, त्यामुळे झालं असावं, आम्ही पद्धत बदलली आहे, एवढं सरळ सांगा. ज्यांना त्रास झाला त्यांतलं कोणी म्हातारं किंवा लहान मूल होतं का, ते विचारा, आणि असेल तर त्यांच्याकडेही जाऊन या. पूजा लांबल्यामुळे उशीर झाला, हे मनात आलं तरी तिथे बोलू नका.